तारल्याचं तेल लावलेली बटणं

तारल्याचं तेल ज्याने हुंगलेलं नाही त्याला मी कितीही सांगितलं तरी कळायचं नाही. तारला हा वीतभर मासा. एखाद्या वर्षी रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला, इतका लागतो की खाऊन, वाटून, खारवूनही उरतो. मग तो मोठ्या कायलीत शिजवतात आणि वर तरंगतं ते तेल काढून घेतात. आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर हे तेल राळेत घोटून होड्यांना चोपडायची रीत होती. त्याचा वास नाकात शिरून तिथेच थांबत नाही, टाळूला जाऊन चिकटतो. मग दोन दिवस पेज प्यायली तर पेजेला तो वास, पाणी प्यायलं तर पाण्याला तो वास. शी! आत्ता लिहितानाही तोंड कडू झालं. आणि हे तेल आमच्याकडे एका माणसाने विमानाला लावलं.

होय, विमानाला. मालवणात. हसू नका.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा मुंबईला गोदीत वायरमन होतो. दुरुस्तीला आलेल्या बोटींच्या वायरी ओढायच्या, जळकी बटणं बदलायची, हे माझं काम. तिथल्या पाण्याने म्हणा की खाणावळीतल्या जेवणाने म्हणा, मला कावीळ झाली. डोळे पिवळे, नखं पिवळी, सगळंच पिवळं. डॉक्टरने दोन महिने विश्रांती सांगितली आणि तेल-मासे वर्ज्य केले. आईवडील केव्हाच गेलेले, म्हणून बोटीत बसून थेट बहिणीकडे मालवणला आलो. मालवणात यायचं आणि मासे वर्ज्य! दैव देतं आणि कर्म नेतं ते असं. बहीण माझ्याहून मोठी, मी तिला बाय म्हणायचो. धक्क्यावर मला बघून ती आधी रडली आणि मग म्हणाली, "मेल्या, हळदीत लोळान इलंस काय रे?"

घरी पोचलो तर अंगणापलीकडे माडांखाली, झापांच्या मांगरात, म्हणजे बाजूंनी उघड्या छपरात, ते विमान उभं. दोन लांब पंख, मधे एका माणसाला बसायला उघडी खोबण, पुढे लढाईच्या भंगारातलं इंजिन आणि त्याच्या नाकावर लाकडी पंखा. छपराबाहेर उन्हात आलेल्या पंखांवर शेजारपाजारच्या बायकांनी जवळा सुकत घातलेला. पंख सपाट आणि उंच, कुत्र्या-मांजरांचं तोंड पोचत नाही, मग अशी सोन्यासारखी जागा कोण सोडणार? बसायच्या खोबणीत कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि तिने तिथे जे जे करायचं ते सगळं केलेलं होतं. बटणांच्या फळीवरसुद्धा.

"बाय, हे काय गो?"

"तुझ्या भावोजींचा विमान," बाय म्हणाली. "ह्या वर्सा उडतला म्हणतत. गेल्या वर्साकय तशेच म्हणा होते."

आमचे भावोजी लढाईच्या काळात कुठल्याशा विमानतळावर मेकॅनिक होते. दुसऱ्यांच्या विमानांत तेल घालता घालता त्यांनी आयुष्यातली चार वर्षं घालवली, पण स्वतः कधी हातभरही उडाले नाहीत. ती जळजळ त्यांच्या पोटात राहिली. परत आल्यावर लाँचींची आणि भाताच्या गिरण्यांची इंजिनं दुरुस्त करायचा त्यांचा धंदा बरा चालला होता, पण डोकं विमानात. मुंबईच्या भंगारातून एकेक वस्तू गलबतात टाकून आणायची आणि मांगरात जोडत बसायचं. शेजारी गोव्यात तेव्हा पोर्तुगीज, त्यामुळे एकदा फौजदारही चौकशीला येऊन गेले. त्यांनी विमानाला एक फेरी मारली, कोकमाचं सरबत घेतलं आणि म्हणाले, "हे उडणार नाही, आपण निश्चिंत असा." भावोजींना त्या वाक्याचा इतका राग आला की आठ दिवस ते जेवताना कोणाशी बोलले नाहीत.

मला बघून त्यांना काय आनंद झाला! माझ्या काविळीचं कौतुक कोणाला? "देवाने पाठवलं बघ तुला," म्हणाले. "सगळं झालंय. वायरिंग तेवढं राहिलंय."

"भावोजी, डॉक्टरने विश्रांती सांगितलीय."

"अरे, बसून तर करायचंय. उभं राहायला त्यात जागाच नाही."

कप्पाळ माझं! बहिणीच्या नवऱ्याच्या घरी फुकट पेज पिणाऱ्याने फार तोंड वर करू नये. मी कोंबडीला हाकललं, तिची घाण राखेने खरवडली आणि कामाला बसलो. बटणं भंगारातली, उघड्या पाठीची. पुढे छोटा खटका आणि मागे त्याच्या दोन पितळी जिभा, झाकण-बिकण काही नाही. एकाच्या जिभांत झुरळाची अंडी, दुसऱ्याला कोणा गोऱ्या सोल्जरने चघळून चिकटवलेला रबरासारखा गोळा. किती वर्षांचा असेल देव जाणे. मी तो सुईने काढला आणि बायकडे जाऊन तीनदा हात धुतले.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वाया. घरातलं बटण बंद केलं की विजेची वाट तुटते आणि दिवा विझतो. या इंजिनात ठिणगी काढणारं एक यंत्र असतं, त्याला मॅग्नेटो म्हणतात. ते बॅटरीची वाट बघत नाही. पुढचा पंखा फिरला की ते आपली आपण ठिणगी काढतं. त्याला गप्प बसवायचं तर त्याची तार इंजिनाच्या अंगाला टेकवून ठेवावी लागते. म्हणजे बटण बंद केलं की जिभा एकमेकींना चिकटल्या पाहिजेत आणि चालू केलं की सुटल्या पाहिजेत. सगळा उलटा कारभार. घरातल्या बटणाच्या जिभा टेकल्या नाहीत तर अंधार होतो, दुसरं काही नाही. इथे जिभा टेकल्या नाहीत तर बटण बंद दाखवतं आणि इंजिन जिवंत असतं.

आणि इंजिन चालू करायला पुढचा पंखा हाताने फिरवायचा होता. आधी बटण बंद ठेवून चार वेढे, म्हणजे इंजिन पेट्रोल ओढून घेतं. मग बटण चालू करून एक जोरदार हिसका. त्या पहिल्या चार वेढ्यांत इंजिन जिवंत असेल तर पंखा हाताचं काय करील हे सांगायला नको.

तो हात मेस्तांचा असणार होता. मेस्त म्हणजे आमच्याकडे सुतार. हे मेस्त होड्या बांधणारे, पन्नाशीचे, दारासारखे रुंद. विमानाचे पंख त्यांनीच घडवलेले. कागदावरचं चित्र त्यांनी एकदा बघितलं, कागद बाजूला ठेवला आणि वाकस घेऊन लाकूड तासायला बसले. नुसत्या डोळ्याच्या अंदाजाने काढलेल्या त्या फासळ्या सगळ्या एका मापाच्या. गावातल्या निम्म्या होड्या त्या हाताने केलेल्या होत्या आणि मेस्तांच्या घरची चूलही त्याच हातावर पेटत होती. पंखा फिरवायला भावोजींनी त्यांना विचारलं तेव्हा मेस्त म्हणाले, "होडी बांधता तोच पयलो तिका पाण्यात ढकलता. मी नाय तर कोण?"

म्हणून मी एक नियम केला. मीच केला, हे लक्षात ठेवा. टॉर्चचा बल्ब, दोन सेल आणि दोन वायरी घेऊन तपासायचा दिवा केला, आणि भावोजींना, मेस्तांना, बायलासुद्धा समोर बसवून भाषण दिलं. पंख्याला हात लावायच्या आधी दर वेळी बटण बंद करायचं, दिव्याची एक तार बटणाच्या मागच्या स्क्रूला लावायची, दुसरी इंजिनाच्या अंगाला. दिवा लागला तर जिभा टेकलेल्या आहेत, इंजिन मेलेलं आहे. नाही लागला तर पंख्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही.

मेस्तांनी ते सगळं लहान मुलासारखं ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे तू दिवो लावन बघतलंस, आणि माका सांगतलंस."

"व्हय."

"मगे झाला तर."

दोन आठवड्यांत वायरिंग झालं. दिवा लावून बघितला, लागला. खटके खटखट वाजत होते. माझ्या हातचं इतकं नेटकं काम मी गोदीतसुद्धा केलं नव्हतं. भावोजींनी पुढच्या अमावास्येची ओहोटी धरली, कारण तेव्हाच किनाऱ्यावर घट्ट वाळूचा लांब पट्टा उघडा पडतो. मधे पाच-सहा दिवस होते. भावोजी खारेपाटणला एका गिरणीचं इंजिन बघायला गेले. माझी कावीळ उतरावी म्हणून बायने धामापूरच्या भगवतीला नवस बोललेला, तो फेडायला आम्ही दोघं बैलगाडीने तिकडे गेलो. विमानाजवळ राहिले एकटे मेस्त.

परत आलो तेव्हा अजून बांधाच्या अलीकडे होतो आणि मला ओकारी आली. मांगरातून तो वास लाटेसारखा येत होता. मेस्तांनी विमानाला तारल्याचं तेल लावलं होतं. पंखांच्या फासळ्यांना, खिळ्यांना, चाकांच्या दांड्याला, बसायच्या खोबणीला आतून-बाहेरून. नवी होडी पाण्यात लोटायच्या आधी अंगभर तेलाचा हात फिरवायचा, काही म्हणता काही कोरडं ठेवायचं नाही, ही त्यांच्या बापजाद्यांची रीत. विमानाला त्यांनी मुलीचं लग्न असल्यासारखं सजवलं होतं. उघड्या अंगाने, कोपरापर्यंत तेलात, ते हसत उभे.

"मेस्तानू, ह्या काय केलात?"

"खारो वारो आसा रे. कोरडा लोखंड दर्यावर न्हेऊचा नसता, चार दिवसांत खाता."

मी नाकाला पंचा धरला. "बटणांका?"

"बटणांच्या जिभांकय लायलंय. पितळ हिरवा पडता मां."

मला रडावं की ओरडावं कळेना. "अहो, तिथे तेल लावायचं नसतं!" मी ओरडलोच, तेही शुद्ध मराठीत. राग आला की मी शुद्ध बोलतो, सरकारी कचेरीत गेल्यासारखा. मेस्तांचा चेहरा उतरला. "माका काय म्हायत? पुसान टाकतंय," म्हणाले. पण मी म्हटलं, तुम्ही हात लावू नका, मी बघतो, मी पेट्रोलने पुसून घेतो.

आणि मी पुसलं नाही.

का नाही? तर किळस आली म्हणून. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. त्या जिभांपर्यंत पोचायचं तर खोबणीत बसून फळीखाली मान घालावी लागायची, तोंड त्या तेलापासून चार बोटांवर. दुसऱ्या दिवशी पेट्रोलचा बोळा घेऊन गेलो, एक पाय आत टाकला, आणि सकाळची पेज माडाच्या मुळात ओकून आलो. तिसऱ्या दिवशी गेलो, बाहेर उभं राहूनच हात लांब करून खटके वाजवले. खट, खट. छान वाजले. मनाशी म्हटलं, ओलं तेल आहे, जिभा एकमेकींवर घासल्या की तेल बाजूला होतंच. वायरमनचा धंदा करणारा मी, स्वतःला असली थाप मारली आणि ती पचवली. राळ घातलेलं ते तेल मांगराच्या उकाड्यात सुकून त्याचा कडक पापुद्रा होतो, आणि त्यातून वीज जात नाही, हे मला कळायला हवं होतं. त्या पापुद्र्यासाठीच तर होड्यांना ते लावतात!

चौथा दिवस उजाडला. भावोजी पहाटेच तयार, लढाईतली जुनी खाकी विजार, डोळ्यांना कुणाचासा मोटरसायकलचा चष्मा. वीस-पंचवीस माणसांनी विमान दोरांनी ओढत, ओंडक्यांवरून सरकवत वाळूवर आणलं. शेपटाला कुणीतरी आंब्याच्या पानांचा टाळ बांधला. निम्मं मालवण किनाऱ्यावर. नारळ ठेवला, गावच्या मानकऱ्याने गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान जा काय नवा केल्यान आसा, ता राखून घे, चुकला माकला पदरात घे," आणि दर वाक्याला लोकांचा एकच आवाज, "व्हय म्हाराजा!" ऊन चढत होतं आणि ते तेल त्या उन्हात नव्याने घमघमत होतं. माझं डोकं गरगरत होतं. मी मनात त्या विमानाला, तेलाला, भावोजींना आणि त्या म्हाराजालाही शिव्या घालत होतो.

नारळ फुटला. भावोजी खोबणीत चढले आणि म्हणाले, "बटण बंद आहे. आता दिवा लावून बघ. लवकर, भरती लागायला वेळ नाही."

मी विमानाच्या बाजूला गेलो. पायरीवर पाय ठेवला, मान आत घातली. भावोजींच्या गुडघ्यांमधून फळीखाली शिरायचं होतं. वास तोंडावर आला. सगळं गाव बघतंय, आणि मी नव्या विमानात ओकणार! मी एक क्षण तसाच राहिलो, हात फळीखाली घातल्यासारखा केला आणि मान बाहेर काढली. दिवा माझ्या खिशातच होता.

"झालं?" भावोजींनी विचारलं.

"झालं."

पुढे पंख्याजवळ मेस्त उभे होते. धोतराचा काचा मारलेला, हात चोळत. ते भावोजींकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"बघलंस मां?"

"बघलंय."

त्यांनी पंख्याला हात घातला. पहिला वेढा गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला इंजिनाने एकच ठसका दिला, जेमतेम अर्धा फेरा, आणि परत गप्प झालं. आवाज एवढासा. मेस्त ओरडलेसुद्धा नाहीत. आपला उजवा हात पोटाशी धरून ते वाळूत बसले, आणि मी बघितलं तर अंगठा आणि करंगळी यांच्यामध्ये काही नव्हतं.

पुढचं फार सांगत नाही. बायने आपल्या लुगड्याचा पदर फाडून बांधला. मेस्तांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. मी कुठे होतो म्हणाल, तर मी माडाखाली ओकत होतो, आणि लोकांना वाटलं, काविळीचा माणूस, रक्त बघवलं नाही बिचाऱ्याला. बिचारा! अजूनही तो शब्द आठवला की स्वतःच्या थोबाडात मारून घ्यावीशी वाटते.

संध्याकाळी भावोजींनी फळी खोलली. जिभांवर पिवळा पापुद्रा, नखाने खरवडला तरी निघेना. ते माझ्याकडे वळले. "दिवा लागला होता ना?"

सांगायची ती वेळ होती. बाय शेजारीच कंदील पुसत बसली होती.

"लागला होता," मी म्हटलं.

"मग वाळूत ओढताना हलून बसलं असेल. त्या मेस्ताला कोणी सांगितलं होतं तेल लावायला?" असं म्हणून भावोजी घरात गेले. ते विमानात पुन्हा कधी बसले नाहीत. पुढच्या वर्षी इंजिन एका गिरणीला गेलं, पंखांवर जवळा सुकत राहिला आणि खोबण कोंबडीला परत मिळाली.

गावाने दोष मेस्तांना दिला. "स्वताच्या तेलान स्वताची बोटा खाल्ल्यान," असं बाजारात लोक हसून म्हणायचे. शिरा पडो त्यांच्या तोंडावर. मेस्तही कबूल करायचे. कोणी माझं नाव काढलं तर म्हणायचे, "वायरमनाक काय बोला नको. त्येना सांगल्यान होता, बघलंय म्हणान." आणि मला, लाज वाटायची ती बाजूलाच, सुटल्यासारखं वाटायचं. रजा संपली, डोळे पांढरे झाले, मी मुंबईची बोट पकडून पळालो.

पाच-सहा वर्षं गेली. मेस्तांच्या वाडीत वीज आली तेव्हा मी रजेवर होतो, आणि बाय म्हणाली, मेस्तांच्या घरातलं वायरिंग तू करून दे. नाही कसं म्हणणार? दोन दिवस राबून सगळं घर केलं. मेस्त ओटीवर बसून बघत होते. हात गेल्यावर वाकस सुटला होता. त्यांच्या भावाच्या माणसांनी होडी बांधायची आणि यांनी बाजूला बसून डाव्या हाताने कोळशाच्या रेघा मारून द्यायच्या, एवढंच उरलं होतं. तेही वर्षातून एखाद्या वेळी. अंगाला तारल्याच्या तेलाचा वास मात्र तोच.

सगळं झाल्यावर मी शिडीवरून उतरलो. ओटीवर आम्ही दोघंच. मला काय झालं कोण जाणे, मी बोलून गेलो.

"मेस्तानू, त्या दिवशी मी दिवो लावन बघूक नाय होतंय."

ते पान लावत होते. चुना डाव्या हाताने लावायची सवय झालेली, तरी सावकाश चाललं होतं. पान घडी करून झाल्यावर म्हणाले, "म्हायत आसा माका."

"काय?"

"दिवो तुझ्या वरच्या खिशात होतो. तार भायर लोंबा होती. मी समोरच उभो होतंय."

मी शिडी धरली. "तुमी बघलेलात? मगे पंख्याक हात कित्याक घातलात?"

मेस्तांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या अगदीच मठ्ठ माणसाकडे पाहावं.

"तू बघलंय म्हणालंस," ते म्हणाले.

त्यांनी पान तोंडात टाकलं, उठले, आणि भिंतीवरच्या नव्या बटणाजवळ जाऊन उभे राहिले. तो उजवा हात वर केला आणि थांबले.

"ह्या दाबू? बघलंस मां?"

मी खिशातला दिवा काढला. त्यांच्या डोळ्यांदेखत मेन बंद केला, बटणाचं झाकण काढलं, खटका दाबून तारा टेकवल्या, बल्ब लागला तो त्यांच्यासमोर धरला, खटका होता तसा करून परत झाकण बसवलं आणि मेन लावला. मेस्तांनी बल्बकडे ढुंकूनही बघितलं नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

"बघलंय," मी म्हटलं.

त्यांनी अंगठ्याने बटण दाबलं.